करारावरची आरोग्यसेवा : खानदेशाच्या संदर्भात प्रस्तावना

सरकारने पैसा पुरवायचा, कोणती सेवा कोणाला आणि कोणत्या दर्जाची मिळावी हे ठरवायचे, आणि ती प्रत्यक्ष देण्याचे काम मात्र खासगी रुग्णालय, कंपनी किंवा स्वयंसेवी संस्थेकडून लेखी कराराने करून घ्यायचे, ही पद्धत सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात गेल्या तीन दशकांत चांगलीच रुळली आहे. तिला सरसकट खासगीकरण म्हटले जाते, ते बरोबर नाही. खासगीकरणात सरकार आपली जबाबदारीच सोडून देते. करारात जबाबदारी सरकारकडेच राहते आणि राबणारे हात तेवढे दुसऱ्याचे असतात. सरकारी दवाखान्यात अकरा महिन्यांच्या आदेशावर नेमलेली परिचारिका किंवा तंत्रज्ञ हा प्रकारही यापेक्षा निराळा आहे. तिथे माणूस कंत्राटी असला तरी सेवा सरकारच चालवते. या प्रस्तावनेचा विषय आहे तो संपूर्ण सेवाच बाहेरच्या संस्थेकडे सोपवण्याचा.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या माणसाची या व्यवस्थेशी रोज गाठ पडते, फक्त तिच्यामागे करार आहे हे त्याला बहुधा ठाऊक नसते. मुंबई-आग्रा महामार्गावर अपघात झाला की येणारी 108 क्रमांकाची गाडी करारावर चालते. प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलेले रक्त तपासणीसाठी जाते ते करारानेच. पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेवर शहरातल्या खासगी रुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया होते तीही करारामुळे. मोतीबिंदूचे शिबिर भरवणारी संस्था, ट्रकचालकांमध्ये एचआयव्हीविषयी काम करणारी संस्था, रुग्णालयातला कचरा उचलणारा मक्तेदार, या सगळ्यांच्या हाती कुठल्या ना कुठल्या सरकारी कार्यालयाचा करारनामा असतो.

हा विषय खानदेशाच्या संदर्भात तपासण्याला कारण आहे. 2011 च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 42 लाखांच्या वर आणि धुळ्याची साडेवीस लाखांच्या आसपास होती. धुळ्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे 31 टक्के आहे, जळगावात सुमारे 14 टक्के. आकडे जिल्ह्याचे असले तरी खरी दरी तालुक्यांच्या पोटात आहे. जळगाव शहरात भास्कर मार्केट आणि जिल्हा पेठेच्या परिसरात दवाखान्याला दवाखाना लागून आहे. धुळ्यात साक्री रोडवर तसेच चित्र दिसते. दोन्ही शहरांत सरकारी आणि खासगी अशी दोन्ही प्रकारची वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पण चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर तालुक्यांची उत्तरेकडची बाजू सातपुड्यात शिरते, साक्रीची पश्चिम बाजू डोंगराळ आहे, आणि तिथल्या पावरा, भिल्ल, कोकणी पाड्यांवर पदवीधर डॉक्टरचा खासगी दवाखाना सहसा सापडत नाही. आदिवासी भागासाठी तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा सरकारी निकष आहे. तिथे जी काही सेवा मिळते ती बहुतांशी याच सरकारी जाळ्यातून. एकाच जिल्ह्यात विक्रेत्यांची गर्दी असलेला बाजार आणि बाजारच नसलेला मुलूख असे दोन्ही असल्यामुळे करारपद्धतीला काय जमते आणि काय जमत नाही, हे इथे इतर ठिकाणांपेक्षा स्पष्ट दिसते.

ही पद्धत उदारीकरणाबरोबर अवतरली असा समज आहे. प्रत्यक्षात ती जुनी आहे. मुंबई इलाख्यात खेड्यांत डॉक्टर टिकत नाही म्हणून खासगी वैद्यकव्यावसायिकाला ठरावीक मासिक मदत द्यायची, त्याने गावात राहून दवाखाना चालवायचा आणि गरिबांना मोफत पाहायचे, अशी योजना होती. अनुदानित वैद्यकव्यावसायिकांची ही केंद्रे स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर त्यांच्याकडे गेली. कराराचे सगळे पेच त्या छोट्या योजनेतही होते. मदत किती असावी, डॉक्टर गावात खरोखर राहतो का हे कोणी पाहावे, आणि मोफत पाहायचा गरीब कोणी ठरवायचा, हे प्रश्न आज कोटींच्या करारातही तसेच आहेत.

कुष्ठरोगाच्या कामात तर महाराष्ट्रात स्वयंसेवी संस्था सरकारच्या आधी पोचल्या होत्या. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन 1946 मध्ये उभे राहिले, आणि वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने 1951 पासून गावोगाव पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार यांची पद्धत बसवली. सरकारने पुढे हीच पद्धत उचलली आणि संस्थांना ठरावीक लोकसंख्येचा भाग वाटून देऊन त्या कामासाठी अनुदान सुरू केले. इथे कामाचा नकाशा संस्थेने काढला आणि सरकार मागून पैसे घेऊन आले. अनुदान आणि कंत्राट यांतला फरक इथे लक्षात घेण्यासारखा आहे. अनुदान संस्थेच्या कामावर विश्वास ठेवून दिले जाते. कंत्राटात काम सरकार ठरवते आणि मोजून पैसे देते. 1983 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने खासगी आणि स्वयंसेवी क्षेत्राच्या सहभागाला उघड पाठिंबा दिला. त्यानंतरच्या वीस वर्षांत अनुदानाचा भाग आकसत गेला आणि कंत्राटाचा वाढला.

या बदलाला गती मिळाली ती जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याच्या प्रकल्पांमुळे. 1994 साली सुरू झालेल्या मोतीबिंदू नियंत्रण प्रकल्पातल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. त्या काळात जिल्हा अंधत्व नियंत्रण संस्था बळकट झाल्या आणि स्वयंसेवी नेत्ररुग्णालयांना प्रत्येक शस्त्रक्रियेमागे ठरावीक रक्कम देण्याची प्रथा पक्की झाली. 1999 मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र आरोग्य व्यवस्था विकास प्रकल्पाने सरकारी रुग्णालयांतली स्वच्छतेसारखी कामे बाहेर देण्याची वाट मोकळी केली. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. त्याने जिल्हा पातळीवर पैसा आणि करार करण्याची मोकळीक या दोन्ही गोष्टी दिल्या. 2017 च्या राष्ट्रीय धोरणाने तर सरकारने सेवा विचारपूर्वक खरेदी करावी हे सूत्रच स्वीकारले.

करार कोणत्या गोष्टीसाठी पैसे मोजतो, यावर त्याचे सगळे वळण अवलंबून असते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हे करारासाठी सर्वांत सोयीचे काम आहे. ती झाली की नाही हे सांगता येते, डोळा उघडून पाहता येतो, आठवड्या-महिन्याने दृष्टी तपासता येते. म्हणून दर शस्त्रक्रियेमागे पैसे ही पद्धत देशभर टिकली. तिच्यातही धोका आहेच. संख्येवर पैसे मिळू लागले की एका दिवसात जास्तीत जास्त डोळे उरकण्याकडे कल जातो आणि जंतुसंसर्ग झाला तर एकाच वेळी अनेकांची दृष्टी जाते. शाळेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या खोलीत शस्त्रक्रिया न करता त्या कायमच्या शस्त्रक्रियागृहातच व्हाव्यात, शिबिर फक्त तपासणीपुरते असावे, हा नियम अशाच अनुभवातून आला.

क्षयरोगाचे काम याच्या उलट टोकाला आहे. रुग्ण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ औषध घेतो, मध्येच सोडतो, कामासाठी सुरतेला जातो. त्याची पहिली गाठ अनेकदा खासगी डॉक्टरशी पडते. 2012 मध्ये क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणे खासगी डॉक्टरांवर बंधनकारक झाले, आणि पुढे नोंद केल्याबद्दल 500 रुपये व उपचाराचा शेवट कळवल्याबद्दल आणखी 500 रुपये असा मोबदला ठरला. दुसरा हप्ता उपचाराच्या शेवटाशी जोडला, यात शहाणपण आहे. पहिल्याच नोंदीला सगळे पैसे दिले असते तर रुग्णाचे पुढे काय झाले हे विचारायला कोणालाच कारण उरले नसते.

एचआयव्हीच्या कामात करार हा जवळजवळ एकमेव मार्ग होता. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन मोठ्या मार्गांचे मिलनस्थान, सोलापूरचा रस्ताही इथेच मिळतो. ट्रकचालक, स्थलांतरित मजूर आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांच्यापर्यंत पोचायचे तर सरकारी गणवेश अडसर ठरतो. म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात राज्याची एड्स नियंत्रण संस्था स्वयंसेवी संस्थांशी करार करते, आणि त्या समुदायातल्याच व्यक्तींना नेमून साधारण साठ जणींमागे एक सहकारी कार्यकर्ती अशी बांधणी करतात. या कामात विकत घेतली जाते ती विश्वासाची जागा, आणि ती मोजता येत नाही. कागदावर मात्र भेटींची संख्या, तपासण्यांची संख्या, वाटलेल्या निरोधांची संख्याच येते. करार वर्षा-दोन वर्षांचा, पैसे उशिरा आलेले, आणि कार्यकर्ती दोन महिने पगाराविना, अशा स्थितीत विश्वास टिकवणे फार अवघड असते. लहान संस्था इथेच गळतात आणि उरतात त्या पैसे थकले तरी तग धरू शकणाऱ्या मोठ्या संस्था. त्या उत्तम काम करणाऱ्या असतीलच असे नाही.

108 ची सेवा जानेवारी 2014 मध्ये सुरू झाली. बीव्हीजी इंडिया या कंपनीकडे राज्यभरातल्या 937 रुग्णवाहिका सोपवण्यात आल्या. त्यांपैकी 233 मध्ये प्रगत जीवरक्षक साधने आणि 704 मध्ये प्राथमिक साधने. प्रत्येक गाडीत डॉक्टर असणे ही महाराष्ट्राची खासियत आहे. बऱ्याच राज्यांत हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञ करतात. फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात उचलला जातो आणि शहरात 20, ग्रामीण भागात 30 मिनिटांत गाडी पोचावी असे उद्दिष्ट ठेवलेले आहे. सातपुड्यातल्या पाड्यासाठी हे उद्दिष्ट रस्त्याच्या अवस्थेवर आणि मोबाईलच्या रेंजवर ठरते, त्यांतले काहीच करारातल्या कंपनीच्या हाती नसते. अनेकदा रुग्णाला झोळीत घालून आधी पक्क्या रस्त्यापर्यंत आणावे लागते आणि गाडीची मिनिटे त्यानंतर सुरू होतात. असे असले तरी ही सेवा खानदेशात लोकांनी आपली मानली. एकशेआठला फोन लाव, हे वाक्य आता प्रत्येक गावात ऐकू येते. पहिला करार पाच वर्षांचा होता आणि मुदत संपल्यावर त्याला मुदतवाढी मिळत गेल्या. राज्यव्यापी सेवेचा एकच ठेका एकाकडे दिला की तो बदलणे जवळजवळ अशक्य होते, कारण एका रात्रीत 937 गाड्या आणि त्यांतले डॉक्टर दुसऱ्या कोणाकडे नसतात. स्पर्धा निविदेच्या दिवशी असते आणि दुसऱ्या दिवशी संपते. एवढ्या मोठ्या कामाचे विभागवार तुकडे करून वेगवेगळ्या संस्थांना देण्याचा पर्याय गंभीरपणे तपासायला हवा.

प्रयोगशाळा तपासण्यांचा करार 2017 पासून महालॅब या नावाने ओळखला जातो. त्यातली दुसरी बाजू एचएलएल लाइफकेअर ही केंद्र सरकारच्याच मालकीची कंपनी आहे. म्हणजे करार करणारा खासगीच असतो असे नाही. सरकारच्या एका अंगाने दुसऱ्या अंगाशी केलेला करारही याच चौकटीत येतो, आणि अहवाल वेळेवर आला का, नमुना खराब झाला का, हे प्रश्न त्यालाही चुकत नाहीत.

खानदेशातल्या सर्वाधिक कुटुंबांना स्पर्श करणारा करार म्हणजे आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या नावाने चालणारी योजना. तिचे मूळ 1997 च्या जीवनदायी योजनेत आहे. त्या योजनेत मोजक्या मोठ्या आजारांसाठी मदत मिळे, पण प्रकरणाला मंजुरी मिळवण्यासाठी कागदपत्रे घेऊन फिरावे लागे आणि उपचार करणारी रुग्णालये बहुतेक मुंबई-पुण्याकडची होती. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत धुळे होते. मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, सोलापूर, नांदेड, अमरावती आणि गडचिरोली हे बाकीचे सात. जळगावला नोव्हेंबर 2013 पर्यंत, म्हणजे योजना राज्यभर लागू होईपर्यंत, थांबावे लागले. दोन शेजारी जिल्ह्यांत सव्वा वर्षाहून अधिक काळ एकीकडे योजना आहे आणि दुसरीकडे नाही, अशी स्थिती होती. योजनेचा परिणाम मोजण्याची ही नामी संधी होती.

सुरुवातीची रचना अशी होती. राज्य सरकारने नॅशनल इन्शुरन्स कंपनीला दर कुटुंबामागे वर्षाला 333 रुपये हप्ता द्यायचा, कंपनीने एका कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांपर्यंतचे संरक्षण द्यायचे. 972 उपचार यादीत होते आणि प्रत्येकाचा दर आधीच ठरलेला. रुग्णाने पैसे भरायचे नाहीत, रुग्णालयाने उपचाराआधी ऑनलाइन पूर्वमान्यता घ्यायची आणि नंतर दावा पाठवायचा. प्रत्येक अंगीकृत, म्हणजे योजनेशी करार केलेल्या, रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला. शिधापत्रिका आणि ओळखपत्र पाहून तो रुग्णाची नोंद करतो. 2017 मध्ये योजनेचे नाव बदलले, 1 एप्रिल 2020 पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी एकत्र आली, आणि 2023 च्या निर्णयानुसार संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढवून ते सर्व शिधापत्रिकाधारकांना खुले करण्यात आले.

या योजनेने खानदेशात एक गोष्ट निर्विवादपणे केली. हृदयविकार, कर्करोग, डायलिसिस यांसाठी शेत विकण्याची किंवा सोने गहाण टाकण्याची पाळी असंख्य कुटुंबांवरून टळली. जळगाव आणि धुळ्यातल्या खासगी रुग्णालयांना मोठी यंत्रे आणि तज्ज्ञ परवडू लागले, कारण रुग्णांचा आणि पैशांचा ओघ नक्की झाला. हे श्रेय योजनेला द्यायलाच हवे. त्याचबरोबर पैसा कुठे गेला हेही पाहायला हवे. तो रुग्णालये होती तिथेच गेला. सातपुड्यातल्या पाल किंवा वैजापूर भागातल्या कुटुंबाजवळचे कार्ड जळगाव शहरातल्या कार्डाइतकेच मोलाचे आहे, पण ते वापरायचे तर जाऊन-येऊन शंभर-दीडशे किलोमीटरचा प्रवास, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि जेवणखाण हे सारे त्या कुटुंबाने स्वतःच सोसायचे. शिवाय योजना भरती झालेल्या रुग्णाची आहे. ताप, खोकला, रक्तदाब, मधुमेह यांवर वर्षभर होणारा खर्च तिच्यात येत नाही, आणि गरीब घराचा औषधांवरचा बराच पैसा तिथेच जातो. ऊसतोडीसाठी दरवर्षी गुजरातेत जाणाऱ्या साक्री-शिरपूरकडच्या मजुरांची अडचण निराळीच. आयुष्मान भारतचे लाभार्थी असतील तर कार्ड परराज्यातही चालते. फक्त राज्य योजनेत असतील तर ज्या महिन्यांत अंगावर सर्वाधिक कष्ट पडतात त्याच महिन्यांत त्यांचे अंगीकृत रुग्णालय सीमेपलीकडे राहते.

ठरलेल्या दराचे पॅकेज रुग्णालयाला दोन दिशांनी ओढते. दर खर्चापेक्षा कमी वाटला की अवघड रुग्ण दुसरीकडे पाठवला जातो किंवा औषधे बाहेरून आणायला सांगितली जातात. दर बरा असेल तर तोच उपचार जरुरीपेक्षा जास्त वेळा होऊ लागतो. छत्तीसगडमध्ये 2012 साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत गरज नसताना स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे उघड झाले तेव्हा या दुसऱ्या धोक्याचे भीषण रूप देशापुढे आले. महाराष्ट्रात काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवण्याची पद्धत आहे, आणि त्यामागे याच धोक्याला आवर घालण्याचा विचार आहे. त्याचा आणखी एक चांगला परिणाम म्हणजे दाव्याचे पैसे सरकारी रुग्णालयालाही मिळतात. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेला योजनेतून मिळणारे उत्पन्न हे सरकारी अनुदानावर अवलंबून नसलेले थोडे स्वतःचे बळ असते.

बाजार नसलेल्या मुलुखात काय करायचे, याचे उत्तर करारपद्धतीला अजून नीट सापडलेले नाही. शेजारच्या गुजरातने 2005 च्या अखेरीस चिरंजीवी योजना आणली. खासगी प्रसूतितज्ज्ञाला दर शंभर बाळंतपणांमागे 1 लाख 79 हजार 500 रुपये एकरकमी, त्यात साधी आणि सिझेरियन दोन्ही. सिझेरियनची हाव राहू नये म्हणून केलेली ही युक्ती कौतुकाची ठरली. पण 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात दवाखान्यातल्या बाळंतपणांचे प्रमाण या योजनेमुळे विशेष वाढल्याचे आढळले नाही. जिथे तज्ज्ञ होता तिथे बायका आधीही जात होत्या, आणि जिथे नव्हता तिथे पैसे देऊनही तो उगवला नाही. त्याच गुजरातेत, नर्मदेच्या खालच्या अंगाला झगडियात सेवा रूरल या संस्थेने 1980 पासून आदिवासींमध्ये काम उभे केले, आणि पुढे सरकारने त्या भागातली प्राथमिक आरोग्यसेवाच तिच्याकडे चालवायला दिली. कर्नाटकात डॉ. एच. सुदर्शन यांच्या करुणा ट्रस्टने 1996 मध्ये गुंबळ्ळीचे प्राथमिक आरोग्य केंद्र चालवायला घेतले, तिथून ती पद्धत इतर राज्यांत गेली. दोन्ही ठिकाणी संस्था करारासाठी आलेली नव्हती. ती आधीपासून तिथे रुजलेली होती आणि करार मागाहून झाला. निविदा काढून अशी संस्था मिळत नाही.

परदेशातला अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. कंबोडियात 1999 ते 2003 या काळात काही जिल्ह्यांची संपूर्ण आरोग्यसेवा चिठ्ठ्या टाकून निवडून संस्थांकडे सोपवली गेली, काहींमध्ये फक्त व्यवस्थापन दिले आणि काही जिल्हे सरकारकडेच ठेवले. करारावरच्या जिल्ह्यांत लसीकरण आणि गरोदर स्त्रियांची तपासणी वेगाने सुधारली, पण तिथे पैसाही दरडोई जास्त ओतला गेला होता. तेव्हा श्रेय कराराचे किती आणि पैशाचे किती, हा वाद राहिला. अफगाणिस्तानने 2003 पासून प्राथमिक सेवा जवळजवळ पूर्णपणे स्वयंसेवी संस्थांमार्फत दिली आणि काही वर्षे त्याचे फळ मिळाले. ऑगस्ट 2021 मध्ये सत्तापालट झाला, देणगीदारांनी पैसा थांबवला आणि देशभरचे दवाखाने एकदम अडचणीत आले. पैसा आणि यंत्रणा दोन्ही बाहेरची असली की असे होते.

कराराचा एक वेगळा प्रकार महाराष्ट्रात रुजला आणि त्याचे एक मूळ खानदेशात आहे. 2007 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली लोकाधारित देखरेखीचा प्रयोग पाच जिल्ह्यांत सुरू झाला. पुणे, ठाणे, अमरावती, उस्मानाबाद आणि 1998 पर्यंत धुळ्याचाच भाग असलेला नंदुरबार. पुण्याच्या साथी संस्थेकडे राज्याचा समन्वय होता, नंदुरबारमध्ये शहाद्याची जनार्थ आदिवासी विकास संस्था काम पाहत होती. सरकारने संस्थांना पैसे दिले ते सरकारच्याच दवाखान्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्राचे प्रगतिपत्रक भरायचे, औषधे आहेत का, डॉक्टर राहतो का, पैसे मागितले जातात का ते नोंदवायचे, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. ज्या सरकारवर बोट ठेवायचे त्याच्याच निधीवर हे काम चालत असल्यामुळे ते नेहमी तारेवरचे राहिले. तरी या सगळ्या प्रकारांतला लोकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा करार हाच होता. तो खासगी अंगीकृत रुग्णालयांवर आणि 108 वर कधी लागू झाला नाही, ही त्यातली मोठी उणीव.

करार करायचा म्हणजे सरकारचे काम कमी होते, हा या विषयातला सर्वांत महागात पडलेला गैरसमज आहे. दर ठरवायला खर्चाचा हिशेब लागतो, दर्जा ठरवायला तज्ज्ञ लागतात, केलेले काम तपासायला माणसे लागतात आणि देयके वेळेवर द्यायला शिस्त लागते. राज्याने 2017 मध्ये औषधखरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे सोपवली, विलंबाच्या तक्रारी वाढल्या आणि 2023 मध्ये कायदा करून स्वतंत्र खरेदी प्राधिकरण स्थापावे लागले. गोळीचे वजन, रसायन आणि मुदत छापलेली असते. अशी मोजता येणारी वस्तू विकत घेताना एवढी दमछाक होत असेल, तर सेवा विकत घेणे त्याहून कितीतरी अवघड आहे. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्या कार्यालयात कराराची तपासणी हेच ज्याचे काम आहे असा प्रशिक्षित माणूस असायला हवा. बहुधा हे काम आधीच दहा कार्यक्रम सांभाळणाऱ्या एखाद्या अधिकाऱ्याच्या टेबलावर अकरावे म्हणून येऊन पडते. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने विविध विभागांतली पदे बाह्य संस्थांमार्फत भरण्याचा निर्णय काढला आणि तीव्र विरोधानंतर पुढच्याच महिन्यात तो मागे घेतला. त्या वेळी चर्चा रोजगाराची झाली. करारावर देखरेख ठेवणारेच करारावर आले तर देखरेख कोणाची, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

करोनाच्या काळात चित्र उलटे झाले. मे 2020 मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर आपल्या नियंत्रणात घेतले, फुले योजना सर्वांना खुली केली आणि बिलांच्या तपासणीसाठी लेखापरीक्षक नेमले. एरवी विनंती करून अंगीकृत होणारी रुग्णालये कायद्याच्या बळावर सार्वजनिक सेवेत आणता येतात, हे तेव्हा सिद्ध झाले. त्याच वेळी हेही दिसले की पहिल्या आठवड्यांत, खासगी दवाखाने बंद असताना, सगळा भार सिव्हिल हॉस्पिटलवर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांवर पडला. जळगावच्या सिव्हिलचे 2018 मध्येच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रूपांतर झाले होते. ते नसते तर त्या संकटात करार कोणाशी करायचा हाच प्रश्न पडला असता. सरकारी रुग्णालय भक्कम असेल तरच सरकारला खासगी रुग्णालयाशी दराची घासाघीस करता येते, कारण नको म्हणायला त्याच्याकडे जागा असते.

या करारांत नागरिक हा सही करणारा पक्ष नसतो, पण त्याला काही हक्क आहेत. फुले योजनेतल्या रुग्णालयाने पैसे मागितले, उपचार नाकारले किंवा औषधे बाहेरून आणायला लावली तर 155388 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना योजनेखेरीजही निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के आणि दुर्बल घटकांसाठी 10 टक्के खाटा राखून ठेवणे बंधनकारक आहे, आणि त्यासाठी त्यांनी स्वतंत्र निधी ठेवायचा असतो. सार्वजनिक पैशातून झालेला प्रत्येक करारनामा, त्यातले दर, दर्जाच्या अटी, दंडाची कलमे आणि झालेल्या तपासणीचे अहवाल माहितीच्या अधिकार कायद्याखाली मागता येतात. अर्ज साध्या कागदावर करायचा, शुल्क 10 रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ आहे. ग्रामपंचायतींनी, पत्रकारांनी आणि महाविद्यालयीन अभ्यासकांनी आपापल्या तालुक्यापुरता जरी असा एकेक करारनामा मागवून वाचला, तर या विषयावरची खानदेशातली चर्चा ऐकीव माहितीवरून कागदपत्रांवर येईल.